रेडिएशनने त्वचेला होणारी जखम आणि तिच्यातली प्रथिनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन बाजूंनी येतात. एक, ज्यांच्या घरी कुणाचं रेडिएशन चालू आहे किंवा नुकतंच संपलंय अशी माणसं, गोव्यातली, पेडण्यापासून काणकोणापर्यंतची. दुसरी बाजू बायोकेमिस्ट्री आणि बायोटेक शिकणाऱ्या मुलांची. त्यांना प्रकल्पाला विषय हवा असतो. दोघांना एकाच पानावर बसवलंय, कारण खोदत गेलं की प्रश्न तेच निघतात. औषध ठरवायचं काम तुमच्या रेडिएशनच्या डॉक्टरांचं. त्यांनी जे सांगितलं ते का सांगितलं, एवढं इथे समजेल.

१. रेडिएशनची जखम म्हणजे भाजल्याचीच जखम ना? आमच्याकडे सगळे ‘कातडी भाजली’ असंच म्हणतात.

दिसायला तशी, पण तिचा उष्णतेशी संबंध नाही. रोजच्या एका बैठकीत साधारण २ ग्रे डोस देतात (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप). तेवढ्या ऊर्जेने शरीराचा तो भाग एका अंशाच्या हजाराव्या हिश्शाइतकाही तापत नाही. उकळतं तेल सांडलं तर त्वचेतली प्रथिनं त्याच क्षणी गोठून निकामी होतात. किरणांचं काम वेगळं. ते पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिलसारखी चिडकी मूलकं (फ्री रॅडिकल) निघतात आणि ती शेजारच्या डीएनएवर तुटून पडतात. १ ग्रे डोसमागे एका पेशीत डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटण्याच्या सुमारे ४० घटना घडतात. तरी पेशी लगेच मरत नाही. बहुतेकदा ती पुढे विभाजनाला उभी राहते तेव्हा मरते.

हे माणसाला कळलं तेही उशिराच्या जखमेमुळेच. १९०१ साली हेन्री बेकरेल यांनी रेडियमची नळी कोटाच्या आतल्या जाकिटाच्या खिशात ठेवली होती. तेव्हा काहीच जाणवलं नाही. लाली आली ती काही दिवसांनी. पिएर क्युरी यांनी तर मुद्दाम स्वतःच्या हातावर रेडियम बांधून पाहिलं, आणि ती जखम दीड महिना उलटला तरी पुरती भरली नव्हती.

२. रेडिएशन सुरू होऊन दोन आठवडे झाले, त्वचेला काहीच नाही. आईला त्रास होणारच नाही असं समजायचं का?

नाही. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशींचा एक थर असतो, तोच नव्या पेशी तयार करतो. तिथे जन्मलेली पेशी वर सरकत पृष्ठभागावर पोचून गळायला सुमारे चार आठवडे लागतात. किरणांचा मुख्य मार या तळच्या थरावर बसतो. वरचं पीक हिरवंगार उभं असतं, जळलेला असतो तो तरवा. लावणीची वेळ आली की रोपं नाहीत हे कळतं. म्हणून लाली आणि काळपटपणा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दिसू लागतो, आणि त्रासाचं शिखर पुष्कळदा रेडिएशन संपल्यानंतरच्या एकदोन आठवड्यांत येतं. ‘आता तर सगळं संपलं, मग हे वाढतंय कसं?’ असा फोन हमखास त्याच दिवसांत येतो. औषध चुकलेलं नसतं. त्या पुढे बहुतेकांची त्वचा चार ते सहा आठवड्यांत वरून भरून येते. ‘वरून’ हा शब्द जपून वापरलाय. का, ते प्रश्न ५ मध्ये.

३. प्रथिनं ‘बदलतात’ म्हणजे नेमकं काय होतं? कमी होतात, वाढतात की बिघडतात?

तिन्ही होतं, पण वेगवेगळ्या वेळी.

पहिल्या काही मिनिटांत नवं प्रथिन बनत नाही. आहे त्याच्यावर खुणा पडतात. डीएनए जिथे तुटला तिथल्या एच२एएक्स नावाच्या प्रथिनाला फॉस्फेटचा गट जोडला जातो. ही खूण करणाऱ्यांत एटीएम हे प्रथिन मुख्य. पुढच्या काही तासांत पी५३ साठू लागतं. एरवी पेशी ते तयार करते आणि लगेच मोडूनही टाकते. एटीएमने खूण केली की मोडण्याचं काम थांबतं, म्हणून साठा वाढतो. पी५३ मग पी२१ला कामाला लावतं आणि पेशीचं विभाजन रोखलं जातं. दुरुस्ती जमली तर पेशी पुढे जाते, नाही तर मरते, किंवा म्हातारी होऊन तिथेच बसते. ही म्हातारी पेशी निरुपद्रवी नसते. ती शेजाऱ्यांना चेतवणारी प्रथिनं सोडत राहते.

खरा बिघाडही होतो: मूलकांमुळे प्रथिनांच्या साखळीवर कार्बोनिल गट चढतात आणि ती नीट काम करीनाशी होतात.

आणि दिवस-आठवड्यांच्या हिशेबात प्रमाणं बदलतात. त्वचेला बळकटी देणाऱ्या केराटिनची तऱ्हा बदलते: शांत त्वचेत वरच्या थरांत के१ आणि के१० असतात, दुखावलेल्या त्वचेत के६, के१६ आणि के१७ पुढे येतात. दाह पेटवणारी प्रथिनं वाढतात, त्वचेचा बांध राखणारी कमी पडतात.

४. साध्या जखमेत आणि या जखमेत फरक काय? कापलं तर आठवड्यात भरतं, हे का भरत नाही?

सगळ्या पानाचं मूळ या एका उत्तरात आहे, म्हणून थोडं सविस्तर.

नारळ सोलताना कोयता लागला असं धरा. इजा एकदाच झाली, तिची वेळ ठरलेली. रक्त येतं, फायब्रिनची जाळी बसते, प्लेटलेट पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा ही हाक घालणारी प्रथिनं सोडतात. त्या हाकेला आधी न्यूट्रोफिल येतात, मग मॅक्रोफेज, दोन्ही पांढऱ्या पेशी. आयएल-१, टीएनएफ-आल्फा आणि आयएल-६ ही दाह पेटवणारी प्रथिनं काही दिवस चढतात आणि उतरतात. हे उतरणं महत्त्वाचं. दाह उतरला की कोलॅजन विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी कामाला लागतात. त्या आधी तिसऱ्या प्रकारचं घाईचं कोलॅजन टाकतात, मग हळूहळू पहिल्या प्रकारचं पक्कं. एमएमपी नावाची विकरं जुनं कापून काढतात, आणि ती फार कापू नयेत म्हणून टिंप प्रथिनं त्यांना आवरतात. प्रत्येक टप्पा आधीचा ओसरू लागला की जोर धरतो.

रेडिएशनमध्ये इजा एकदा होत नाही. आठवड्याचे पाच दिवस, बहुधा तीन ते सात आठवडे, रोज तीच जागा. कालचा आयएल-१ उतरायच्या आत आजचा चढतो. त्यातही पहिला आयएल-१ बाहेरून आलेल्या पेशी सोडत नाहीत, त्वचेच्या केराटिनोसाइट पेशीच सोडतात. ज्या उंदरांमध्ये आयएल-१चा निरोप घेणारा ग्राहक (रिसेप्टर) बंद केलेला होता त्यांना रेडिएशनचा त्वचादाह कमी झाला, हे प्रयोगांत दिसलंय.

मग पुढची पायरी. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ वाढतात आणि बाह्यत्वचेला खालच्या थराशी बांधणाऱ्या पडद्यातलं चौथ्या प्रकारचं कोलॅजन कुरतडतात. स्तनाखालच्या घडीत बघा: आधी कातडी गर्द होते, मग तिला ओलसर चमक येते, आणि एक दिवस कपडा काढताना वरचा पातळ पापुद्रा कपड्याबरोबर निघून येतो. खाली गुलाबी, पाझरणारी जागा. बांधणारा पडदा आधीच सैल झालेला असतो. कपडा फक्त निमित्त.

तिसरा फरक रक्तवाहिन्यांचा. कापल्यावर व्हीईजीएफसारख्या प्रथिनांच्या हाकेने नव्या केशवाहिन्या फुटतात. इथे केशवाहिन्यांचं अस्तरच मार खाल्लेलं असतं. त्या अस्तरावरचं थ्रॉम्बोमॉड्युलिन कमी होतं, म्हणजे रक्त आत गोठण्याकडे झुकतं. आयकॅम-१ वाढतं, म्हणजे पांढऱ्या पेशी चिकटत राहतात. पुरवठा आटतो, ऑक्सिजन कमी पडतो आणि तोच कमीपणा पुन्हा दाहाला खतपाणी घालतो.

साध्या जखमेत आणि या जखमेत प्रथिनांची नावं बहुतेक तीच आहेत. ‘आता पुरे’ हा निरोप मात्र इथे वेळेवर येत नाही.

५. त्वचा भरली, रंगही आला. वर्षभराने तीच जागा लाकडासारखी घट्ट का झाली?

कारण आत काम थांबलेलं नव्हतं. यातलं मुख्य नाव टीजीएफ-बीटा १. हे प्रथिन पेशींच्या बाहेर एका आवरणात गुंडाळून, निष्क्रिय अवस्थेत साठवलेलं असतं. किरणांमुळे तयार झालेली मूलकं ते आवरण थेट सैल करतात. म्हणजे नवं बनवायची गरजच नाही. कोठार होतं, दार उघडलं. मोकळं झालेलं टीजीएफ-बीटा फायब्रोब्लास्टच्या आत स्मॅड-२ आणि स्मॅड-३ यांच्यामार्फत निरोप पोचवतं. फायब्रोब्लास्टचं मायोफायब्रोब्लास्ट होतं, त्यात आल्फा-एसएमए नावाचं आकुंचन पावणारं प्रथिन भरतं, आणि कोलॅजन टाकणं सुरूच राहतं. मायोफायब्रोब्लास्ट स्वतःही टीजीएफ-बीटा सोडतं. चक्र पुरं झालं.

ज्या उंदरांत स्मॅड-३ नव्हतं त्यांच्या त्वचेला रेडिएशननंतर इजा आणि तंतुमयता (कोलॅजन साठून येणारा घट्टपणा) दोन्ही कमी झाली. त्यावरून विद्यार्थी विचारतात, मग टीजीएफ-बीटा बंदच का करत नाहीत? कारण तेच प्रथिन दाह आवरतं, आणि कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यात पेशींची वाढ रोखण्याचंही काम करतं. ज्या रुग्णाला मुळात कॅन्सर आहे त्याच्यात ते सरसकट दाबायला हात थरथरलाच पाहिजे.

त्यात आणखी एक अडचण: त्वचेतल्या कोलॅजनचं अर्धायुष्य सुमारे १५ वर्षं असतं. एकदा टाकलेलं कोलॅजन सहजासहजी हटत नाही. म्हणून मान, खांदा, काख या जागांच्या हालचाली फिजिओथेरपिस्टने शिकवल्या असतील तर ‘आता दुखत नाही’ म्हणून सोडू नका. पेंटॉक्सिफायलिन आणि ई-जीवनसत्त्व एकत्र देऊन काही महिन्यांत घट्टपणा उतरल्याचे अभ्यास आहेत, न उतरल्याचेही आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे मनाने घेऊ नये.

६. प्रोटीन कमी पडलं म्हणून जखम झाली का? पावडर द्यावी का? आणि मासे बंद करायचे का?

जखम किरणांनी झाली, जेवणाने नाही. वर सांगितलेली प्रथिनं आणि ताटातलं प्रोटीन यांचा संबंध एवढाच की ताटातलं पचून त्याची अमिनो आम्लं होतात आणि शरीर त्यांतून हवं ते बनवतं. माल कमी पडला तर भरणं लांबतं, म्हणून खाणं महत्त्वाचं. कॅन्सरच्या रुग्णाने वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन घ्यावं अशी शिफारस असते. ६० किलोच्या बाईला ६० ते ९० ग्रॅम. १०० ग्रॅम बांगड्यात १८-२० ग्रॅम मिळतं, एका अंड्यात ६.

मासे बंद करणं ही तर उलटी वाट. ‘नुस्तं (मासे) खाल्लं की जखम चिघळते’ हे कित्येक घरांत ठामपणे सांगितलं जातं आणि पंधरा दिवस रुग्णाला नुसत्या पेजेवर ठेवतात. भरायला लागणारं सामानच काढून घेण्यासारखं आहे ते. माशांची ॲलर्जी नसेल तर मासे द्या. तोंड किंवा घशाचं रेडिएशन असेल तर हुमण (माशांची आमटी) तिखट नको, काटे काढून मऊ करा. पावडर लागते ती जेवण जात नसेल तर. किडनीचा विकार असेल तर मात्र प्रोटीनचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं. तिथे वरचा हिशेब लागू नाही.

७. रक्त तपासून जखम किती वाढणार ते कळतं का? एका लॅबने पॅकेज सांगितलंय.

पैसे राखा. सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन वाढलेलं दिसेल, पण ते सर्दी-तापातही वाढतं. रक्तातलं टीजीएफ-बीटा, आयएल-६ हे संशोधनात मोजतात, पण त्या आकड्यावरून एका रुग्णाची त्वचा कशी वागेल हे सांगणारी मान्य तपासणी रोजच्या उपचारात नाही. डॉक्टर डोळ्यांनी पाहून पायरी ठरवतात. फिकट लाली किंवा कोरडी सालं म्हणजे पहिली. गडद लाली, किंवा मुख्यतः घड्यांपुरती ओली सोललेली जागा म्हणजे दुसरी. घड्यांबाहेरही ओली सोलणं, जरा लागलं की रक्त येणं म्हणजे तिसरी. त्वचेची पूर्ण जाडी मरणं किंवा व्रण म्हणजे चौथी, आणि ती विरळा.

या पायऱ्यांतली एक खोट इथल्या माणसांनी लक्षात ठेवावी. ‘लाली’ हे माप गोऱ्या त्वचेवरून आलंय. आपल्या सावळ्या त्वचेत लालीच्या जागी काळपट, जांभळट झाक येते आणि पहिली पायरी नजरेतून सुटते. तेव्हा रंगापेक्षा ऊब, ताण, खाज, दुखणं सांगा. ‘थोडं काळं झालंय, बाकी ठीक’ एवढ्यावर थांबू नका.

८. गोव्याच्या दमट हवेत हे जास्त चिघळतं का? पावसाळ्यात काय करायचं?

घड्यांमध्ये जास्त चिघळतं हे खरं: काख, स्तनाखाली, जांघ, मानेच्या वळ्या. पण नुसत्या घामाने नाही. घडीत कातडीवर कातडी असते, त्यामुळे पृष्ठभागाशी डोसही जास्त साठतो. त्यावर घर्षण आणि ओल. जून ते सप्टेंबर या दिवसांत कपडे नीट वाळत नाहीत, आणि अर्धवट ओली कॉटनची कुर्तीसुद्धा घासते. सैल, पूर्ण वाळलेलं सुती कापड, घडीत हवा जाईल अशी बसण्याची सवय, साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हलकी आंघोळ. धुवायचंच नाही हा जुना नियम आता कोणी पाळत नाही. टिपून कोरडं करा, पुसू नका. ब्रेसियरची पट्टी नेमकी त्या जागी येत असेल तर काही दिवस ती वापरू नका.

प्रथिनांच्या बाजूने बघायचं तर वरच्या थरातली फिलाग्रिन आणि क्लॉडिनसारखी बांध राखणारी प्रथिनं कमी झाली की त्वचेतून पाणी जास्त उडतं आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस मुख्य. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत रेडिएशनच्या आधी आणि दरम्यान नाकातला आणि त्वचेवरचा हा जंतू औषधाने कमी केला, तेव्हा ओलं सोलणं कमी झालं. पण ते ठरावीक मलम, ठरावीक वेळापत्रकाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी जंतुनाशक ओतायची परवानगी म्हणून हे वाचू नये.

समुद्रस्नान आणि पोहण्याचे तलाव उपचार चालू असेपर्यंत आणि त्वचा पुरती भरेपर्यंत नकोत. शिगम्याचा गुलालही त्या जागेवर नको. उन्हाबद्दल: किरण घेतलेली जागा नंतरही कायम झाका, मिरामारला संध्याकाळी फिरायला गेलात तरी. ताप, पू, वास किंवा पसरत जाणारी सूज दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे.

९. खोबरेल, भिरंडेल, हळद, कोरफड लावलं तर चालतं का? कोणी तर फेणी चोळायला सांगितली.

फेणी नको. चिरलेल्या त्वचेवर मद्यार्क म्हणजे शुद्ध छळ.

भिरंडेल (कोकमाचं तेल) टाचेच्या भेगांना उत्तम आहे, सोललेल्या जागेवर त्याची परीक्षा झालेली नाही. खोबरेलाचंही तसंच: त्वचा अखंड आणि फक्त कोरडी असेल तर डॉक्टरांना सांगून लावा, ओली झाली की बंद. बैठकीच्या आधी काही लावलं तर डोस वाढतो अशी भीती घालतात. मोजमापांत असं दिसलंय की पातळ थराने फरक नगण्य पडतो, जाड लेपाने पडतो. तरी तुमच्या केंद्राचा जो नियम असेल तो पाळा.

कोरफडीवर बऱ्याच चाचण्या झाल्या, ठोस फायदा निघाला नाही. झेंडूवर्गातल्या कॅलेंड्युलाच्या मलमाचा फ्रान्समध्ये २५४ स्तनकॅन्सरच्या रुग्णांवर २००४ साली चांगला परिणाम दिसला होता. पण अंगणातला झेंडू वाटून लावणं म्हणजे ते मलम नव्हे.

हळदीची गोष्ट मला नेहमी उपयोगी वाटते. हळदीतलं कर्क्युमिन एनएफ-कप्पा-बी ही दाहाची मुख्य कळ बंद करतं, आणि ही कळ बंद झाली की आयएल-६, टीएनएफ-आल्फा कमी व्हायला हवेत. प्रयोगशाळेच्या बशीत ते होतंही. २०१३च्या ३० रुग्णांच्या चाचणीत कर्क्युमिनच्या गोळ्यांनी फायदा दिसला आणि बातम्या झाल्या. मग तेच ६८६ रुग्णांवर करून पाहिलं, आणि फायदा नाहीसा झाला. त्या दुसऱ्या निकालाची बातमी तुमच्या व्हॉट्सॲपवर आली नसेल.

ज्याला चाचण्यांचा खरा आधार आहे त्यांत मोमेटासोनसारखं स्टिरॉइड मलम आहे. तेही त्याच कळीवर काम करतं आणि ते सुरुवातीपासून, त्वचा फुटण्याआधी लावायचं असतं. सिलिकॉनची पातळ चिकट फिल्मही स्तनाच्या रेडिएशनमध्ये ओलं सोलणं कमी करते. दोन्ही विचारून.

१०. कमी दिवसांचं, जास्त डोसचं रेडिएशन सुचवलंय. त्वचा जास्त जळेल का?

रोजचा डोस मोठा असला तरी एकूण कमी असतो. स्तनासाठी पूर्वी २५ बैठकांत ५० ग्रे सर्रास द्यायचे. आता १५ बैठकांत ४० ग्रे रुळलंय, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासानंतर ५ बैठकांत २६ ग्रेही देतात. या छोट्या वेळापत्रकांत सुरुवातीची त्वचेची जळजळ जास्त नाही, उलट बहुधा कमी असते. तळच्या थराला एकूण मार कमी बसतो, हे त्याचं साधं कारण. तोंड-घशाच्या कॅन्सरला मात्र ६६ ते ७० ग्रे लागतात, आणि मानेची त्वचा ते दाखवते.

११. वारंवार एक्स-रे, मॅमोग्राफी केली तर अशी जखम होईल का?

नाही. तिथला डोस ग्रेच्या हजाराव्या हिश्शांत मोजतात. पुढचा प्रश्न मात्र वाचा.

१२. बाबांना रेडिएशन कधीच दिलेलं नाही. अँजिओप्लास्टी झाली होती. महिन्याने पाठीवर चौकोनी काळा चट्टा आला, नागीण म्हणून औषध चालू आहे. हे तेच असू शकतं?

असू शकतं. हृदयाच्या गुंतागुंतीच्या प्रक्रियेत एक्स-रेचा झोत बराच वेळ एकाच कोनातून पाठीवर पडत राहतो. सलग मिळालेल्या डोसला साधारण २ ग्रेच्या वर तात्पुरती लाली, ३ ग्रेपाशी केस गळणं, ६ ग्रेच्या आसपास खरी लाली आणि त्याहून बऱ्याच वर सोलणं, व्रण असा चढता क्रम आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल डॉक्टरांना १९९४ सालीच सावध केलं होतं. तरीही हे चट्टे चुकतात, कारण चट्टा येईपर्यंत तीन-चार आठवडे गेलेले असतात आणि पाठीचा डॉक्टर वेगळा, हृदयाचा वेगळा.

ओळखायच्या खुणा: कडा सरळ, आकार चौकोनी किंवा गोल, जागा बहुधा खांद्याच्या फऱ्याखाली, दुखणं त्या मानाने जास्त. त्वचेच्या डॉक्टरांना अँजिओप्लास्टीची तारीख आवर्जून सांगा. ही माहिती नसताना तुकडा काढून तपासायला गेलं तर तीच जागा न भरणारा व्रण होऊन बसू शकते. कारण प्रश्न ४ मधला तिसरा फरक.

१३. रेडिएशन संपून सहा महिने झाले. परवा किमो दिल्यावर त्याच जागी पुन्हा लाली आली, आखल्यासारखी. असं कसं?

याला डॉक्टर रिकॉल म्हणतात. १९५९ साली ॲक्टिनोमायसिन-डी या औषधाबरोबर याची पहिली नोंद झाली. पुढे डॉक्सोरुबिसिन, डोसिटॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेल, जेमसिटाबिन अशा औषधांनी तेच घडताना दिसलं. मधला काळ काही आठवड्यांपासून वर्षांपर्यंतचा असू शकतो. त्या जागेच्या पेशी आतून अजून चेतलेल्या असतात, थोडं निमित्त पुरतं, असा एक तर्क आहे. पक्की यंत्रणा सिद्ध झालेली नाही. किमो देणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोटोसह कळवा, पुढचा डोस तसाच द्यायचा की नाही हे तेच ठरवतील.

सेटुक्सिमॅबचा प्रकार वेगळा आहे. ते औषध रेडिएशनबरोबरच देतात, आणि ते ईजीएफआर या प्रथिनाला अडवतं. गाठीच्या पेशींना वाढायला ते लागतं, पण त्वचेच्या तळच्या थरालाही लागतं. त्यामुळे मानेची त्वचा नेहमीपेक्षा जास्त सोलते.

१४. एकाच डोसला शेजारच्या बेडवरच्या बाईंना काही नाही आणि मावशीला एवढं का?

जागा, शरीराचा आकार, मधुमेह, सिगारेट, सोबतची औषधं यांनी बराच फरक पडतो. कातडी घट्ट करणाऱ्या स्क्लेरोडर्मासारख्या विकारांत कोलॅजनची यंत्रणा आधीच बिघडलेली असते, म्हणून तो इतिहास रेडिएशनआधी सांगायलाच हवा.

टोकाचा अपवाद अटॅक्सिया-तेलंगिएक्टेशिया या आनुवंशिक आजाराचा. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलात शक्यता चारात एक. या मुलांत एटीएम प्रथिन (प्रश्न ३) कामच करत नाही. डीएनए तुटल्याची वर्दीच नीट जात नाही, आणि नेहमीच्या डोसनेही ऊती खोलवर सडल्याची उदाहरणं आहेत. लहानपणापासून तोल जाणं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर लाल शिरांचं जाळं अशी लक्षणं घरात कुणात असतील तर बैठका सुरू होण्याआधीच बोला.

१५. एम.एस्सी.चा प्रकल्प करायचाय. रेडिएशनच्या जखमेत अमुक प्रथिन वाढलेलं दाखवलं तर पुरे ना?

वाढलं हे दाखवणं सोपं, त्याने काय केलं हे अवघड. वेस्टर्न ब्लॉट आणि एलायझा ठरावीक प्रथिनं मोजतात, मास स्पेक्ट्रोमेट्री एकदम हजारो दाखवते, आणि ऊतीवर रंग चढवून प्रथिन कुठल्या थरात आहे ते कळतं. एकूण कोलॅजनचा अंदाज हायड्रॉक्सिप्रोलीन मोजून घेता येतो. सगळ्यांत मोठा सापळा वेळेचा असतो. दुसऱ्या दिवशीचा नमुना आणि चाळिसाव्या दिवशीचा नमुना या दोन वेगळ्या जखमा समजा. प्रथिनांची यादी तीच दिसली तरी अर्थ उलटा असू शकतो: टीजीएफ-बीटा लवकर दिसलं तर दुरुस्ती, रेंगाळलं तर तंतुमयता.

दुसरा सापळा उंदराचा. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्यामुळे त्याची जखम मुख्यतः आकसून मिटते. माणसाची त्या मानाने नवी ऊती भरून आणि वरून नवी त्वचा सरकून भरते. डुकराची त्वचा आपल्याला जास्त जवळची. रुग्णाच्या जखमेतून तुकडा मागायचा विचार असेल तर प्रश्न १२ पुन्हा वाचा. चिकटपट्टीने वरचा थर उचलून घेण्याची पद्धत आहे, नैतिक समितीकडे तिच्यासाठी अर्ज करा.

१६. आजीचं रेडिएशन वीस वर्षांपूर्वी झालं. त्याच जागी आता व्रण आलाय, भरत नाही. जुनीच जखम उघडली म्हणायचं का?

तसं गृहीत धरू नका. इतक्या वर्षांनी तीन शक्यता असतात: रक्तपुरवठा आटून ऊती मरणं, मूळ कॅन्सर परतणं, किंवा किरण घेतलेल्या त्वचेत नवा कॅन्सर उगवणं. डोळ्यांनी तिन्ही सारखेच दिसू शकतात. त्यामुळे इथे तुकडा तपासणं टाळता येत नाही, पण तो कडेवरून, अनुभवी हाताने घ्यायचा. कॅन्सर नसेल तर मेलेली ऊती काढून दुसरीकडची, स्वतःचा रक्तपुरवठा असलेली त्वचा तिथे बसवतात. नुसती पातळ कलम केलेली कातडी तशा आटलेल्या जमिनीवर बहुधा धरत नाही. जास्त दाबाखाली ऑक्सिजन देण्याचे उपचारही काही रुग्णांत करतात.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात किंवा कुठेही दाखवायला जाताना तेव्हाची रेडिएशनची कागदपत्रं सोबत न्या. किती ग्रे, किती बैठका, कुठल्या बाजूने, हे त्यात असतं. कागद हरवले असतील तर उपचार झालेल्या केंद्राकडे जुन्या नोंदी मागा, आणि तेही नसेल तर त्वचेवर तेव्हा ठिपक्यासारख्या गोंदवलेल्या खुणा शोधा. त्या बहुधा अजून असतात, आणि झोत कुठवर पडला होता ते डॉक्टरांना त्यावरून बरंच कळतं.